टाकसाळीचे स्मारक नाणे की खासगी टाकसाळीचे मेडल? घेण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून पाहा

शिवराज्याभिषेकाला ३५० वर्षे झाली तेव्हापासून चांदीच्या 'स्मारक नाण्यां'ना घरोघरी मागणी आहे. मुंजीत, लग्नात, निवृत्तीच्या निरोप समारंभात, नव्या घराच्या वास्तुशांतीला अशी नाणी दिली जातात. घेणारा मात्र नेहमी एकाच ठिकाणी अडतो. समोर दोन मखमली डब्या असतात. दोन्हींत चांदी, दोन्हींवर देखणे काम, दोन्हींवर 'स्मारक नाणे' असे लिहिलेले, आणि किमतीत मात्र काही हजारांची तफावत. यातले कोणते घ्यावे?

माझे मत आधीच सांगतो. दोन्ही वस्तू घेण्यासारख्या असू शकतात, पण त्यांची जात वेगळी आहे. सरकारी टाकसाळीने दर्शनी मूल्य, म्हणजे अंगावर लिहिलेली रुपयांतली किंमत, घालून पाडलेले ते नाणे. खासगी टाकसाळीने किंवा सराफाने पाडलेले ते मेडल, मग ते कितीही शुद्ध आणि सुंदर असो. मेडल घेण्यात काहीही वाईट नाही. नुकसान होते ते नाण्याचा भाव देऊन मेडल घरी आणल्यावर.

नाणे कशाने ठरते

चांदीमुळे नाही, वजनामुळे नाही, आणि चित्र कोणाचे आहे यानेही नाही. २०११ च्या नाणे कायद्यात स्मारक नाण्याची व्याख्या आहे: एखाद्या विशिष्ट प्रसंगाची आठवण म्हणून शासनाने किंवा शासनाने अधिकार दिलेल्या संस्थेने पाडलेले, आणि ज्याचे मूल्य भारतीय चलनात सांगितलेले आहे असे नाणे. म्हणजे पाडणारा शासनाचा हवा आणि अंगावर रुपयांत मूल्य हवे. यातली एक गोष्ट जरी नसली तरी ते कायद्याने स्मारक नाणे नाही. याच कायद्यानुसार एक हजार रुपयांपेक्षा मोठ्या मूल्याचे नाणे पाडता येत नाही. तेव्हा कोणी 'पाच हजार रुपयांचे स्मारक नाणे' म्हणून काही दाखवले तर पुढे बोलायची गरज नाही.

प्रत्येक स्मारक नाण्यासाठी अर्थ मंत्रालय भारताच्या राजपत्रात अधिसूचना काढते. मला ही अधिसूचना सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात नाण्याची जन्मपत्रिकाच असते: मूल्य, आकार, व्यास, काठावरच्या दात्यांची संख्या, धातूंचे प्रमाण, आणि दोन्ही बाजूंना काय काय असेल याचे शब्दाशब्दात वर्णन. राजपत्र कोणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येते. विक्रेत्याने दिलेल्या 'अस्सलतेच्या प्रमाणपत्रा'पेक्षा हे दोन पानी कागद फार मोलाचे आहेत. ते प्रमाणपत्र विक्रेत्याने स्वतःच छापलेले असते.

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाले, पन्नास पैशांचे आणि एक रुपयाचे. १९६९ ला गांधी जन्मशताब्दीनिमित्त दहा रुपयांचे चांदीचे नाणे आले. वजन १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के चांदी. अनेकांच्या आजोबांच्या पेटीत ते आजही सापडते. त्यानंतर स्मारक नाणी सतत येत राहिली. दर्शनी मूल्यही वाढत गेले आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीसाठी ते थेट एक हजारावर पोचले.

एक नाणे, एक मेडल, जवळून

उदाहरण म्हणून नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाचे २०२३ चे ७५ रुपयांचे नाणे घेऊ. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, काठावर २०० दाते. धातू चार: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, निकेल आणि जस्त प्रत्येकी ५ टक्के. एका बाजूला मधोमध अशोकस्तंभाचे सिंह, खाली 'सत्यमेव जयते', डावीकडे देवनागरीत 'भारत', उजवीकडे तेच इंग्रजीत, आणि सिंहांच्या खाली रुपयाचे चिन्ह व ७५ हा आकडा. दुसऱ्या बाजूला संसदेची इमारत, वरच्या कडेला 'संसद संकुल', खालच्या कडेला तेच इंग्रजीत, आणि वर्ष. कुठेही 'शुद्ध चांदी' असे लिहिलेले नाही, वजन कोरलेले नाही, हॉलमार्क नाही.

आता त्याच्या शेजारी बाजारातले शिवराज्याभिषेकाचे चांदीचे मेडल ठेवा. महाराजांची सिंहासनारूढ मूर्ती, मागच्या बाजूला राजमुद्रेचा श्लोक किंवा रायगड. काम अनेकदा सरकारी नाण्यापेक्षा ठसठशीत असते, हे मान्य करायला हवे. कडेला किंवा खाली बारीक अक्षरांत '९९९' हा शुद्धतेचा आकडा, ग्रॅममध्ये वजन, बनवणाऱ्याचे चिन्ह. रुपयाचा आकडा नाही आणि सिंह नाहीत.

सिंह नसणे योगायोग नाही. राष्ट्रचिन्हाच्या गैरवापराला आळा घालणारा २००५ चा कायदा आहे. खासगी विक्रेत्याला आपल्या मालावर अशोकस्तंभ छापता येत नाही. म्हणून एखाद्या खासगी मेडलवर सिंह दिसले, तर तो विक्रेता मेडलला नाण्याचा भास देऊ पाहतोय, आणि तेही कायदा मोडून. अशा ठिकाणाहून काहीही घेऊ नका, चांदी खरी असली तरीही.

हॉलमार्कचे मात्र लोकांच्या मनात नेमके उलटे असते. 'हॉलमार्क आहे, म्हणजे सरकारी' असे वाटते. हॉलमार्क ही दागिने आणि मेडलांसाठी भारतीय मानक ब्युरोच्या व्यवस्थेतली शुद्धतेची खूण आहे. दर्शनी मूल्य असलेल्या नाण्यावर हॉलमार्क मारत नाहीत, कारण तिथे खुद्द शासनाचा छाप आहे आणि धातूचे प्रमाण राजपत्रात आहे. म्हणून चांदीच्या चकतीवर हॉलमार्क दिसला तर आनंद माना, पण हातात मेडल आहे हे समजून घ्या.

टाकसाळीची खूणही पाहावी. देशात चार सरकारी टाकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. चारही सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाच्या ताब्यात आहेत. खूण साधारणपणे वर्षाच्या खाली असते. मुंबईची हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचा टिंब. कोलकात्याची खूण नसतेच. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकाकीने पाडलेल्या नाण्यांवर, इंग्रजी 'एम' दिसतो. भिंग घेऊन या खुणा ओळखण्याचा नाद लागला की मुलेसुद्धा तासन्‌तास रमतात.

चांदी नको, फक्त इतिहास हवा असेल तर

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण हा पर्याय दुकानदार सांगत नाहीत. स्मारक नाणे म्हणजे महाग नाणे असा समज झाला आहे. प्रत्यक्षात अनेक स्मारक नाणी रोजच्या व्यवहारात फिरून गेलेली आहेत. १९९९ ला छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे आले, तांबे-निकेलचे, अकरा कोनांचे. त्याच वर्षी ज्ञानेश्वर माउलींचे एक रुपयाचे नाणे निघाले. २००२ चे संत तुकारामांचे दोन रुपयांचे, २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे, १९९० चे डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचे एक रुपयाचे. ही सगळी अस्सल, शासनाची, राजपत्रात नोंद असलेली नाणी. बसच्या तिकिटाच्या सुट्ट्यात, देवळाच्या दानपेटीत, वाण्याच्या गल्ल्यात ती फिरली आहेत. वापरलेली प्रत व्यापाऱ्याकडे किरकोळ किमतीत मिळते, न वापरलेली चकचकीत प्रत थोडी जास्त.

शाळेतल्या मुलाला भेट द्यायची असेल तर मी चांदीच्या मेडलऐवजी अशी आठ-दहा नाणी चांगल्या अल्बममध्ये लावून देईन. मुलाच्या हातात खरे चलन येते, त्यावर वर्ष असते, टाकसाळीची खूण असते, आणि 'हे नाणे तेव्हा का काढले' असे विचारायला जागा राहते.

मधल्या वस्तू, जिथे जाणकारही चुकतात

काही गोष्टी सरकारी आहेत आणि तरीही नाणी नाहीत. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये 'इंडियन गोल्ड कॉइन' आले. एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला महात्मा गांधी, सोने २४ कॅरेट, पाडले सरकारी टाकसाळीत, विकले एमएमटीसी या सरकारी व्यापार कंपनीने. पण त्याला रुपयांत मूल्य नाही. म्हणजे ते सोन्यातल्या गुंतवणुकीचे साधन आहे, चलन नाही. नाव 'कॉइन' असल्याने घोटाळा होतो.

तसेच टाकसाळीच्या स्मृतिवस्तूंचे. २०२४ मध्ये महामंडळाने रामलल्ला आणि अयोध्येतील मंदिर, बुद्ध, एकशिंगी गेंडा अशा विषयांवर स्मृती-चकत्या काढल्या. पाडणारी टाकसाळ सरकारी, धातू खरा, पण दर्शनी मूल्य नाही. संग्रहात त्यांना जागा जरूर द्या, फक्त मेडलांच्या पानावर.

याच्या उलट बाजूला परदेशातली चलनी नाणी आहेत. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना ही हमखास दिसतात. पॅसिफिकमधल्या नियुए या छोट्या देशाच्या नावाने डिस्नेची पात्रे किंवा स्टार वॉर्स असलेली चांदीची नाणी निघतात. त्यांवर डॉलरमध्ये मूल्य असते, त्यामुळे कायद्याने ती नाणी आहेत. पण नियुएच्या दुकानात ती कोणी खर्चायला काढत नाही. ती जगभरच्या संग्राहकांसाठीच पाडलेली असतात. नाणे आहे म्हणून त्याला इतिहास आहे असे समजू नका.

आणि 'मिंट' हा शब्द पाहून भुलू नका. अमेरिकेतली फ्रँकलिन मिंट ही १९६४ ला सुरू झालेली खासगी कंपनी. दर महिन्याला एक याप्रमाणे वर्गणीवर चांदीची मेडल्स घरपोच पाठवून तिने एका पिढीला संग्राहक केले. काम उत्तम होते. पण १९८० च्या आसपास चांदी अफाट चढली तेव्हा त्यांतली असंख्य मेडल्स वितळवायला गेली, कारण अनेकांना संग्राहक देत असलेल्या किमतीपेक्षा चांदीचे पैसे जास्त मिळत होते. मेडलचा अखेरचा आधार धातूच असतो.

पैशांचे गणित

मेडलचा हिशेब सोपा. वजन गुणिले शुद्धता गुणिले आजचा भाव, त्यावर घडणावळ, त्यावर ३ टक्के जीएसटी. १० ग्रॅमचे '९९९' मेडल असेल तर जवळजवळ सगळे १० ग्रॅम चांदीच आहे. विचारलेल्या किमतीतून चांदीची किंमत वजा करा. उरलेली रक्कम म्हणजे तुम्ही चित्रासाठी, डबीसाठी आणि नावासाठी देत आहात. ती तुम्हाला रास्त वाटली तर घ्या. सराफ कट्ट्यावरचे साधे लक्ष्मी-गणपतीचे 'नाणे' (खरे तर तेही मेडलच) या हिशेबात बहुधा सरस ठरते. 'मर्यादित आवृत्ती, फक्त इतकेच नग' असे म्हणून दुप्पट-तिप्पट लावणारे बहुधा मागे पडते, कारण नग खरोखर किती पाडले हे तपासायची सोय ग्राहकाकडे नसते. मोडीत देताना सराफ घडणावळ मोजत नाही, घटही धरतो. ज्याच्याकडून घेतले तो परत घेणार का, किती कापून घेणार, हे पावती फाडण्याआधीच विचारा. बँकेने विकलेले सोन्याचे नाणे बँक परत घेत नाही, हेही अनेकांना विकायला गेल्यावरच कळते.

सरकारी नाण्याचा हिशेब वेगळा. मघाच्या ३५ ग्रॅमच्या नाण्यात शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅमच आहे, उरलेले तांबे, निकेल आणि जस्त. चांदीच्या तोलावर पाहिले तर ते महाग पडते. १९६९ च्या गांधीजींच्या नाण्यात १२ ग्रॅम चांदी. अलीकडची काही नाणी मात्र शुद्ध चांदीत येऊ लागली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीनिमित्त २०२४ ला आलेले ९० रुपयांचे नाणे ४० ग्रॅमचे, शुद्ध चांदीचे आहे. म्हणून 'सरकारी स्मारक नाणे म्हणजे अर्धी चांदी' असे सरसकट धरू नका, त्या त्या नाण्याची अधिसूचना पाहा.

दर्शनी मूल्याचे काय? कायद्याने ७५ रुपयांचे नाणे म्हणजे ७५ रुपये. काही हजार मोजून घेतलेले नाणे कोणी भाजी घ्यायला वापरणार नाही. तो आकडा तुमच्या पैशांची हमी देत नाही, तो फक्त सांगतो की हे नाणे आहे. पुढे भाव किती मिळेल हे संग्राहकांची मागणी आणि प्रत किती जपली आहे यावर ठरते. नवे स्मारक नाणे निघाल्याच्या पहिल्या काही आठवड्यांत व्यापारी जो भाव लावतात तो मला नेहमी फुगलेला वाटतो. टाकसाळीच्या ऑनलाइन दुकानात ठरावीक मुदतीत बुकिंग घेतात आणि नाणी नंतर पाठवतात. कधी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. ती पाहायची तयारी असेल तर तोच मार्ग सर्वात खात्रीचा, कारण वस्तू कुठून आली याबद्दल प्रश्नच उरत नाही. नाणे ज्या सीलबंद आवरणात आले त्यातच ठेवा. प्रूफ नाण्याच्या आरशासारख्या पृष्ठावर बोटाचा एक ठसा उमटला तरी त्याची किंमत उतरते, आणि चांदीच्या पॉलिशने पुसले तर जास्तच.

सोन्याचा मुलामा दिलेली किंवा रंगीत स्टिकर चिकटवलेली खरी नाणी हल्ली भेटवस्तू म्हणून विकतात. खाली अस्सल सरकारी नाणे असते, म्हणून विक्रेता 'सरकारी' म्हणतो. संग्राहकाच्या दृष्टीने ते बिघडवलेले नाणे आहे. घेऊ नका.

कोणी काय घ्यावे

संग्रह करायचा असेल तर दर्शनी मूल्य असलेलीच नाणी घ्या, आणि सुरुवात चलनात आलेल्या स्वस्त नाण्यांपासून करा. मोठी चांदीची नाणी मोजकी घ्या. ज्या विषयाशी तुमचा जिव्हाळा आहे तेवढीच. अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीला, २०२५ मध्ये, ३०० रुपयांचे नाणे काढले. त्या घराण्यावर, माळव्यावर किंवा चौंडीवर प्रेम असणाऱ्याला ते घ्यावेसे वाटेलच, आणि ते योग्य कारण आहे. 'पुढे लाखात जाईल' हे मात्र योग्य कारण नाही.

चांदीत पैसे ठेवायचे असतील तर दोन्ही सोडा आणि हॉलमार्क असलेली साधी चांदी कमीत कमी घडणावळीत घ्या.

समारंभात आठवण म्हणून द्यायचे असेल तर खासगी मेडल मला अधिक बरे वाटते. त्यावर नाव, तारीख, संस्थेचे चिन्ह कोरून मिळते, शुद्धता लिहिलेली असते, आणि घेणाऱ्याला ते हाताळता येते. रायगडाच्या पायथ्याशी मिळणाऱ्या होनाच्या, म्हणजे शिवरायांच्या सोन्याच्या नाण्याच्या, प्रतिकृती याच वर्गातल्या. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे वाचून अंगावर काटा येतो, तो खरा असतो. फक्त पावतीवर 'प्रतिकृती' हा शब्द लिहून घ्या, म्हणजे पुढच्या पिढीत कोणी ती अस्सल होन म्हणून विकायला निघणार नाही. अस्सल जुनी नाणी पाहायची असतील तर नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत किंवा मुंबईत फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या चलन संग्रहालयात जा. एकदा खऱ्या नाण्याचा काठ आणि झीज पाहिली की नक्कल लगेच खटकते.

देवादिकांची पितळी 'कंपनी नाणी' आणि फोनवरचे गिऱ्हाईक

एका प्रकाराबद्दल कळकळीने सांगायचे आहे, कारण त्यात साध्या माणसांचे पैसे बुडतात. हनुमान, राम दरबार, गणपती किंवा लक्ष्मी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, 'वन आणा' आणि १८१८, १७१७ किंवा चक्क १६१६ हे साल. अशी पितळी-तांब्याची चकती अनेक देवघरांत असते. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. मद्रास इलाख्यातल्या कंपनीच्या सोन्याच्या होनांवर विष्णूची आकृती असे, हे खरे. पण ती नाणी अगदी निराळी, इवलीशी आणि सोन्याची. बाजारातली पितळी चकती हे यात्रेच्या ठिकाणी विकायला केलेले टोकन आहे. पूजेत ठेवायला काहीच हरकत नाही. त्यात 'तांदूळ खेचण्याची शक्ती' आहे असे सांगून लाखो रुपये उकळणाऱ्या टोळ्यांना मात्र दारात उभे करू नका.

दुसरा फास विकणाऱ्यासाठी असतो. २०१२ ची माता वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी ही शासनाची खरी, चलनात भरपूर फिरलेली स्मारक नाणी आहेत. समाजमाध्यमांवर त्यांना लाखोंचा भाव लावणाऱ्या जाहिराती येतात. फोन केला की आधी नोंदणी शुल्क, मग कमिशन, मग 'रिझर्व्ह बँकेचा कर'. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः जाहीर केले की बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीत नसते, त्यासाठी कोणाकडून शुल्क वा कमिशन मागत नाही, आणि तसा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. घरातली नाणी विकायचीच असतील तर ती घेऊन एखाद्या नाणे प्रदर्शनात जा, दोन-तीन व्यापाऱ्यांना समोरासमोर दाखवा, भाव ऐका, आणि पैसे हातात आल्यावरच नाणे द्या.